इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असो की अ‍ॅल्युमिनियमचा: निदानापासून बसवण्यापर्यंतचा बरोबर क्रम

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांकडे हवा वाटून नेणारा नळ्यांचा भाग. गाडीची रेस वरखाली होते, चेक लाईट लागते. कुणीतरी सांगतं, “मॅनिफोल्ड प्लास्टिकचा आहे, उष्णतेनं वाकला असणार.” तासाभरात तो उतरवला जातो, जुन्याच रबरावर काळं सिलिकॉन फासलं जातं, बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळले जातात आणि गाडी बाहेर पडते. पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन ती परत येते. मग सल्ला मिळतो की अ‍ॅल्युमिनियमचा शोधून बसवा. सातारा आणि सांगलीकडच्या गॅरेजांमध्ये हे वारंवार घडतं. यात मालकाचे पैसे जातात आणि दोष बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी निघतो.

दोन्ही साहित्यं इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकू शकतात. मात्र त्यांची हाताळणी वेगळी आहे. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डवर अ‍ॅल्युमिनियमची पद्धत वापरली की तो गळायला लागतो, आणि उलटही तसंच होतं. म्हणून हा लेख क्रमानं वाचा. मधला टप्पा गाळला तर पुढच्या टप्प्यातली तपासणी खोटी ठरते.

## टप्पा १: आपल्याकडे कोणता मॅनिफोल्ड आहे ते ओळखा

काळा, कडेनं जोडाची शिवण दिसणारा आणि नखानं ठोकल्यावर बद्द वाजणारा मॅनिफोल्ड प्लास्टिकचा. हे साधं प्लास्टिक नसतं. ते काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन असतं आणि त्याची दोन-तीन कवचं एकमेकांवर घासून, वितळवून जोडलेली असतात. राखाडी आणि खरबरीत ओतकाम दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. जुनी मारुती ८००, ओम्नी, एस्टीम, जिप्सी यांच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा सापडतो. के-सिरीज इंजिनाच्या स्विफ्ट-वॅगनआरवर काळा प्लास्टिकचा असतो.

कामाच्या दृष्टीनं तीन फरक लक्षात ठेवा.

पहिला फरक सीलचा. प्लास्टिकच्या फेसवर, म्हणजे हेडला टेकणाऱ्या बाजूवर, खाच असते आणि त्यात रबराचं सील बसतं. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन सपाट फेसमध्ये चपटं गॅस्केट येतं.

दुसरा फरक बोल्टचा. प्लास्टिकमध्ये प्रत्येक बोल्टच्या भोकात धातूची बारीक नळी, म्हणजे स्लीव्ह असते. बोल्टचा सगळा दाब त्या नळीवर येतो, प्लास्टिकवर नाही. रबर किती दबायचं हेही त्या नळीची लांबी ठरवते. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टचा दाब थेट ओतकामावर येतो.

तिसरा फरक खराब होण्याच्या पद्धतीचा. अ‍ॅल्युमिनियम सहसा फुटत नाही. त्याचा फेस वाकतो, पाण्याच्या भोकाभोवती खड्डे पडतात, आटे जातात. प्लास्टिकला गंज नाही, पण त्याचं रबर कडक होतं, स्लीव्ह सैल होते आणि बॅकफायर झाला, म्हणजे ज्वाला उलटी मॅनिफोल्डमध्ये आली, तर शिवण उघडते.

## टप्पा २: हवा खरंच मॅनिफोल्डमधून शिरते का?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

“इंजिन एअर घेतंय” हे निदान बरोबर असलं तरी हवा शिरायच्या जागा पुष्कळ असतात. मॅनिफोल्डचा फेस त्यांत शेवटी येतो. तपासणी या क्रमानं करा: व्हॅक्यूमचे बारीक पाइप आणि त्यांची टोपणं, ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, क्रँककेसचा पीसीव्ही व्हॉल्व्ह, टाकीच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीखालचं सील, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, आणि मग मॅनिफोल्ड. ऊसतोड सुरू झाली की रानातले उंदीर वस्तीकडे आणि उभ्या गाड्यांकडे वळतात. त्या दिवसांत पाइप दातांनी कुरतडलेला निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. दहा-वीस रुपयांच्या पाइपासाठी मॅनिफोल्ड उतरवू नका.

स्कॅनरवरचे आकडे वाचताना. इंजिन बंद आणि स्विच ऑन असताना मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा आकडा बघा. तो त्या गावच्या हवेच्या दाबाइतका असायला हवा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, तिथे सुमारे ९५ किलोपास्कल येतो. सातारा शहर त्याहून उंच, तिथे ९३ च्या आसपास. महाबळेश्वरला गाडी उभी असेल तर ८६ च्या जवळ. साताऱ्यात १०१ किंवा ८० दिसला तर आधी सेन्सरकडे बघा, मॅनिफोल्डकडे नको.

आता गरम इंजिन आयडलला ठेवा, एसी बंद करा. निरोगी पेट्रोल इंजिनात मॅपचा आकडा साधारण २८ ते ४० किलोपास्कल राहतो. तो सतत त्याच्या वर असेल आणि रेसही चढी असेल तर हवा शिरत असण्याची शक्यता मोठी.

सुईचं व्हॅक्यूम गेज वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. पुस्तकात १७ ते २१ इंच हा आकडा दिलेला असतो तो समुद्रसपाटीचा. उंचीवर हवेचा दाबच कमी असल्यानं गेज कमी दाखवतं. सांगलीत सुमारे दोन इंच आणि साताऱ्यात सुमारे अडीच इंच वजा करूनच वाचा. साताऱ्यात १६ इंच दाखवणारं इंजिन ठणठणीत असू शकतं. पुस्तकी आकड्याशी तुलना करून ते नाहक उघडू नका.

मॅप आणि मॅफ यांतला फरक. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये हवा मोजणारा मॅफ सेन्सर नसतो. मॅपवरूनच हिशेब होतो. अशा गाडीत चोरून हवा शिरली की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, ती हवा दिसते आणि तो तेवढं पेट्रोलही वाढवतो. त्यामुळे फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलात टक्क्यांनी करत असलेला कमी-जास्तपणा, फारसा हलत नाही, फक्त रेस चढते. “ट्रिम ठीक आहे, म्हणजे लीक नाही” हा निष्कर्ष या गाड्यांना लागू पडत नाही. मॅफ असलेल्या गाडीत मात्र आयडलला ट्रिम दहा टक्क्यांच्या बराच वर जातो आणि २५०० आरपीएमला खाली येतो. हीच एअर लीकची खूण. रेस वाढवल्यावर ट्रिम उलट वाढत गेला तर पंप, फिल्टर किंवा पेट्रोलचा दाब तपासा.

स्मोक टेस्ट, म्हणजे हवेच्या वाटेत हलक्या दाबानं धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं. खात्रीचा उपाय हाच. थंड इंजिनावर करा. कडक झालेलं रबर सकाळी गळतं आणि इंजिन तापलं की पसरून भोक बुजवतं. दुपारी गरम गाडी आणून “काहीच सापडलं नाही” म्हणून परत पाठवण्याचं कारण बहुधा हेच असतं. उलट शिवणीतली बारीक चीर गरम झाल्यावर उघडते. म्हणून थंड इंजिनात काही दिसलं नाही तर तापवून पुन्हा एकदा करा.

> सावधान: स्मोक टेस्टसाठी कॉम्प्रेसरची हवा थेट सोडू नका. साध्या पेट्रोल इंजिनात एक पीएसआयच्या आतला दाब पुरतो. जास्त दाबानं शिवण उघडेल, क्रँकचं ऑइल सील निसटेल, आणि नसलेला दोष तुम्हीच तयार कराल.

> सावधान: चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून लीक शोधण्याची सवय धोक्याची आहे. एक्झॉस्ट तापलेला असतो. करायचंच असेल तर थंड इंजिन सुरू केल्या केल्या करा, सीएनजीची बाटली बंद ठेवा आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

## टप्पा ३: बोल्टला हात लावण्याआधीची तयारी

नवं सील किंवा गॅस्केट हातात आल्याशिवाय गाडी उघडू नका. सुटं सील सातारा-सांगलीत लगेच मिळेलच असं नाही, पुणे किंवा कोल्हापूरहून यायला दिवस जातो. दरम्यान उघडी गाडी दारात उभी राहते आणि शेवटी जुनंच रबर परत बसतं. थ्रॉटल बॉडीचं सील, इंजेक्टरच्या ओ-रिंगा आणि पीसीव्हीचं ग्रोमेट एकाच वेळी मागवा. चासी नंबर सांगून मागवा, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत सीलचा आकार बदललेला असू शकतो.

टॉर्क पाना छोटा हवा, पाव इंची, साधारण ५ ते २५ न्यूटन मीटरचा. चाकाच्या नटांसाठी घेतलेला मोठा पाना या कामाला चालत नाही. त्याची सुरुवातच २५-३० पासून होते, आणि तो क्लिक होईपर्यंत आटे गेलेले असतात.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो रात्रभर. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधला बोल्ट गरम असताना काढला तर आटे सोबत येतात. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल पेट्रोलचा दाब उतरवल्यावर काढा. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडू द्या, म्हणजे पेट्रोल लाइनमधला दाब उतरतो.

> सावधान: ही दाब उतरवण्याची पद्धत साध्या एमपीएफआय (पोर्टमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या) इंजिनासाठीच. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीची हाय-प्रेशर लाइन आणि डिझेलची कॉमन रेल लाइन त्या कामाची सवय असल्याशिवाय सोडू नका. तिथल्या दाबानं उडालेलं इंधन कातडीतून आत शिरतं.

आता सफाई. ही उघडण्याच्या आधी करायची. मॅनिफोल्ड आणि हेडच्या जोडावर शेतरस्त्याची तांबडी धूळ आणि ऑइलचा लगदा बसलेला असतो. मॅनिफोल्ड उचलला की तो सगळा थेट व्हॉल्व्हच्या पोर्टमध्ये पडतो. ब्रशनं मोकळा करा, व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घ्या, मगच बोल्टला हात लावा.

पाइप, वायरिंग आणि ब्रॅकेटचे चार बाजूंनी फोटो काढा. पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचा आकार काढून जागेवर भोकं पाडा आणि काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच भोकात खोचा. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि जोड सैलच राहतो.

## टप्पा ४: उतरवणं

बोल्ट बाहेरून आत या क्रमानं सोडा, प्रत्येक वेळी अर्धाच फेरा. एका कडेचे सगळे काढून मग दुसऱ्या कडेला गेलात तर मॅनिफोल्ड पिळला जातो. अ‍ॅल्युमिनियमचा फेस वाकण्याचं हे एक ठरलेलं कारण, आणि प्लास्टिकमध्ये पीळ शिवणीवर येतो.

सगळे बोल्ट निघाले तरी मॅनिफोल्ड हलत नसेल तर स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. खालून एखादा आधाराचा ब्रॅकेट राहिलेला असतो, आरसा आणि टॉर्च घेऊन तो शोधा. प्लास्टिकच्या फेसवर स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडा म्हणजे कायमची गळती, कारण तो घासून सपाट करता येत नाही.

जुन्या कार्बोरेटरच्या अ‍ॅल्युमिनियम मॅनिफोल्डमधून कूलंट फिरतो, तो आधी काढून घ्या. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डवरही धातूच्या थ्रॉटल बॉडीला कूलंटचे पाइप येऊ शकतात.

मॅनिफोल्ड बाहेर आल्या क्षणी हेडचे पोर्ट बंद करा. स्वच्छ कापडाचे मोठे बोळे घ्या आणि किती घातले ते पुठ्ठ्यावर लिहा. कॉटन वेस्ट नको, तिचे धागे मागे राहतात.

> तपासा: बोल्टांसोबत धातूच्या स्लीव्ह निघून आल्या आहेत का? मोजा. एखादी बोल्टला चिकटून येते आणि कचऱ्यात जाते. स्लीव्हशिवाय बसवलेला प्लास्टिकचा मॅनिफोल्ड हळूहळू दबत जातो, बोल्ट सैल पडतो आणि सहा महिन्यांत पुन्हा हवा घेतो.

## टप्पा ५: टेबलावरची तपासणी

प्लास्टिक असेल तर शिवण सगळीकडून बोटानं चाचपा आणि उजेडात बघा. शिवणीबाहेर ऑइलची ओली रेघ दिसली तर चीर आत आहे. स्लीव्ह नखानं फिरवून बघा, फिरत असेल तर ती सैल झाली. खाचेच्या कडा तुटलेल्या नाहीत ना, तेही बघा. आतल्या नळ्यांत टॉर्च मारा. बॅकफायर झालेल्या मॅनिफोल्डच्या आत कधीकधी केसासारखी रेघ असते, बाहेरून काहीच दिसत नाही. जुनं सील हातात घेऊन वाकवा. ते तसंच राहिलं, किंवा खाचेतून काढल्यावर एका बाजूनं चपटं दिसलं, तर दोष तिथेच होता. मॅनिफोल्ड चांगला असेल आणि फक्त सील बदलायचं असेल, तर आनंदानं तेवढंच करा.

अ‍ॅल्युमिनियम असेल तर फेसवर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांवर ठेवा आणि खालून फीलर गेज घालून बघा. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. ०.१ मिलिमीटरचं पातं सहज शिरत असेल तर फेसिंग करून, म्हणजे फेस मशीनवर सपाट करून, घ्यायची वेळ आली असं समजा. हेडचा फेसही त्याच पट्टीनं बघा, कारण वाकलेला तोही असू शकतो. कूलंटच्या भोकाभोवती पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले तर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलेलं होतं. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातलं क्षाराचं पाणी अ‍ॅल्युमिनियम खातं. नुसता मॅनिफोल्ड दुरुस्त करून पुन्हा तेच पाणी भरलं तर काम वाया जाईल.

दोन्ही प्रकारांत हेडमधले आटे बोल्ट हातानं फिरवून बघा. गेलेल्या आट्यांना हेली कॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवायची. जाड बोल्ट ठोकायचा नाही.

## टप्पा ६: सफाई

प्लास्टिकला कॉस्टिकची टाकी नको, तारेचा ब्रश नको, पेट्रोलमध्ये रात्रभर भिजवणंही नको. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश आणि पूर्ण वाळवणं एवढंच. खाच प्लास्टिकच्या पट्टीनं साफ करा.

अ‍ॅल्युमिनियमलाही कॉस्टिक चालत नाही, तो धातूच विरघळवतो. जुनं गॅस्केट काढायला ग्राइंडरची घासपट्टीची चकती फिरवणारे बरेच आहेत. ते थांबायला हवं. चकती फेसमध्ये खोलगट जागा करते आणि तिची भुकटी पोर्टमधून इंजिनात जाऊन बेअरिंग खाते. गॅस्केट रिमूव्हर लावा, थांबा, धार नसलेल्या पात्यानं खरवडा.

डिझेल गाडीत मॅनिफोल्डच्या आत ईजीआरच्या (एक्झॉस्टचा थोडा धूर परत आत सोडणाऱ्या व्यवस्थेच्या) काजळीचा आणि ऑइलच्या वाफेचा डांबरासारखा थर असतो. तो मॅनिफोल्ड बाहेर काढूनच साफ करायचा. गाडीवर असताना खरवडला तर ढेकळं सिलिंडरमध्ये जातात. साफ केल्यावर ईजीआर व्हॉल्व्ह तसाच घाण ठेवू नका, नाहीतर थर लवकरच परत येईल.

## टप्पा ७: दुरुस्ती, नवा, की अ‍ॅल्युमिनियमचा?

तडकलेला प्लास्टिकचा मॅनिफोल्ड बदलायचा. एपॉक्सीची पुटी किंवा सोल्डरिंगनं वितळवून केलेला जोड चार दिवस टिकतो, पण आतल्या बाजूचा तुकडा सुटला तर तो व्हॉल्व्हखाली जातो. त्या वेळी होणारा खर्च नव्या मॅनिफोल्डच्या कितीतरी पट असतो. गावी पोचण्यापुरतं बाहेरून लावलं तर समजू शकतो, पण पक्की दुरुस्ती म्हणून ते कुणाला देऊ नये.

अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड दुरुस्त होतो, हा त्याचा खरा फायदा. मिरज-कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत टिग वेल्डिंग आणि मिलिंग करणारी मशीन शॉप आहेत. क्रम लक्षात ठेवा: आधी वेल्डिंग, मग फेसिंग. वेल्डच्या उष्णतेनं फेस वाकतो, म्हणून आधी फेसिंग केलं तर ते फुकट जातं. ब्लास्टिंग करून घेतलं असेल तर काचेचे मणी आतल्या कोपऱ्यात अडकतात. धुवा, हवा मारा, पुन्हा धुवा.

आता प्लास्टिक काढून अ‍ॅल्युमिनियम बसवण्याचा प्रश्न. हा सल्ला बऱ्याचदा अमेरिकेतले व्हिडिओ बघून येतो. तिथला अनुभव खरा आहे. फोर्डच्या ४.६ लिटर व्ही-८ इंजिनाच्या १९९६ नंतरच्या प्लास्टिक मॅनिफोल्डचा कूलंट वाहणारा भाग तडकत असे. पुढे तो भाग अ‍ॅल्युमिनियमचा करावा लागला. जनरल मोटर्सच्या ३८०० सिरीजच्या इंजिनात गरम ईजीआरची नळी प्लास्टिकमधून जात होती, तिथे प्लास्टिक उष्णतेनं खराब होऊन कूलंट आत गळायचा. दोन्हीकडे प्लास्टिकवर कूलंट किंवा ईजीआरची उष्णता येत होती. आपल्या छोट्या चार सिलिंडर पेट्रोल गाड्यांच्या प्लास्टिक मॅनिफोल्डमधून बहुधा फक्त हवा जाते. तिथली गोष्ट इथे जशीच्या तशी लावणं चूक आहे.

शिवाय अदलाबदलीत नुकसानही आहे. नळ्यांची लांबी त्या इंजिनाच्या टॉर्कसाठी ठरवलेली असते. इंजेक्टरचा कोन आणि मॅप सेन्सरची जागा जुळत नाही. अ‍ॅल्युमिनियम हेडची उष्णता लगेच ओढून घेतं, त्यामुळे उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये आत जाणारी हवा जास्त तापते. प्लास्टिक हलकं असतं, आतून गुळगुळीत असतं आणि थंड राहतं. माझं स्पष्ट मत: कंपनीनं जे साहित्य दिलं तेच बसवा. त्याच इंजिनासाठी कंपनीनं स्वतः अ‍ॅल्युमिनियमचा काढला असेल तेवढाच अपवाद.

भंगारातला प्लास्टिकचा मॅनिफोल्ड घेत असाल तर टप्पा ५ मधली तपासणी दुकानातच करा. अपघातात समोरून धक्का बसलेल्या गाडीचा घेऊ नका.

### सीएनजी असेल तर

प्लास्टिकचे मॅनिफोल्ड फुटण्यामागे बॅकफायर हे मोठं कारण आहे, आणि सीएनजीवर तो होण्याची शक्यता जास्त असते. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचा गॅप वाढला, कॉइल किंवा प्लगची केबल कमजोर झाली, की मिश्रण वेळेवर पेटत नाही आणि ज्वाला उलटी मॅनिफोल्डमध्ये येते. जुन्या मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये तर अख्खा मॅनिफोल्ड गॅसनं भरलेला असतो, म्हणून दणका मोठा. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डवर मिक्सर किट बसवूच नका. सिक्वेन्शियल किटमध्ये गॅस प्रत्येक पोर्टजवळ सुटतो.

सिक्वेन्शियल किटचे नोझल बसवताना मॅनिफोल्ड गाडीवरून काढूनच भोकं पाडायची. जागेवर ड्रिल मारलं की बुरादा सिलिंडरमध्ये जातो. भोक शिवणीपासून लांब आणि पोर्टच्या जवळ घ्या. काम आरटीओमान्य फिटरकडूनच करून घ्या, आणि नंतर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून गॅसची गळती बघा. प्लग मात्र ठरलेल्या अंतरावर बदलत राहा. प्लगचे पैसे वाचवून मॅनिफोल्ड घालवणं परवडत नाही.

### पुरात बुडालेली गाडी

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत गाड्या बुडाल्या होत्या. अशा गाडीला स्टार्टर मारू नका. मॅनिफोल्डच्या खोलगट भागात पाणी साठून राहतं. पहिल्याच फेऱ्यात ते सिलिंडरमध्ये जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टरचा डबा आणि प्लग काढा, मॅनिफोल्ड उतरवून पाणी ओता, इंजिन हातानं फिरवून बघा, ऑइल बदला. स्टार्टर त्यानंतरच.

## टप्पा ८: बसवणं

पोर्टमधले बोळे काढा आणि पुठ्ठ्यावरच्या संख्येशी जुळवा. दोन्ही फेस स्वच्छ आणि कोरडे हवेत.

प्लास्टिकच्या खाचेतलं रबर सील कोरडंच बसवायचं. त्यावर सिलिकॉन लावायचं नाही. सिलिकॉन रबराला घसरवतं, खाचेत सील दबायला ठेवलेली जागा भरून टाकतं, आणि आत गळालेला थेंब कडक होऊन पुढे अडकतो. सेन्सरला न चालणारं स्वस्त सिलिकॉन असेल तर त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. मॅन्युअलमध्ये एखाद्या कोपऱ्यात सांगितलं असेल तेवढ्याच जागी आणि सेन्सरला चालणारंच लावा. इंजेक्टरच्या ओ-रिंगांना इंजिन ऑइलचा नुसता हात पुरतो.

सील खाचेत सगळीकडे बसलंय का, ते मॅनिफोल्ड उलटा करून बघा. गळून पडत असेल तर नंबर चुकीचा आहे.

मॅनिफोल्ड सरळ आणा, सरकवू नका. सरकवल्यावर सील दुमडतं आणि ते बाहेरून दिसत नाही. आता सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी लावा. एकही बोल्ट अर्ध्या फेऱ्यानंतर अडत असेल तर तो काढा आणि पुन्हा लावा, पाना लावून पुढे ढकलू नका. सगळे बोटांनी बसल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

आवळायचा क्रम मधून बाहेर, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत निम्मा टॉर्क, दुसरीत पूर्ण. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचाच घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, ६ मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा ८ ते १२ न्यूटन मीटर आणि ८ मिलिमीटरच्याला १८ ते २५ असतो. दहा न्यूटन मीटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण दहा किलोचा जोर. म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. इम्पॅक्ट गन या कामात आणूच नका.

प्लास्टिकमध्ये स्लीव्ह हेडला टेकली की पाना एकदम घट्ट लागतो. “अजून थोडं” केल्यानं रबर आणखी दबत नाही, कारण स्लीव्ह आड येते. फक्त हेडचे आटे ताणले जातात. गळती आहे म्हणून बोल्ट आवळत बसण्याचा उपयोग अशा जोडात नसतो. गळत असेल तर सील काढून बघायला हवं.

अ‍ॅल्युमिनियम आणि चपट्या गॅस्केटच्या जोडात मॅन्युअलनं सांगितलं असेल तरच इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क द्यायचा.

> तपासा: खालचा आधाराचा ब्रॅकेट मॅनिफोल्डचे बोल्ट पूर्ण आवळल्यावर बसवा. आधी आवळला तर तो मॅनिफोल्ड खाली ओढून धरतो आणि एका टोकाला फट राहते.

## टप्पा ९: पहिला स्टार्ट आणि रस्त्यावरची चाचणी

बॅटरी जोडा, स्विच दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करून पंपाला दाब भरू द्या आणि इंजेक्टरच्या रेलपाशी पेट्रोलचा ओलावा नाही ना, ते टॉर्चनं बघा. मगच स्टार्ट. पहिली काही मिनिटं रेस थोडी इकडेतिकडे होऊ शकते, ईसीयू आयडल नव्यानं शिकत असतो. काही गाड्यांना स्कॅनरनं आयडल शिकवावं लागतं. त्या वेळात बोल्ट पुन्हा आवळायला घेऊ नका.

कूलंट काढला असेल तर भरा, हवा काढा. इंजिन पूर्ण तापल्यावर टप्पा २ मधले आकडे पुन्हा घ्या. आधी लिहून ठेवलेले असतील तर तुलना लगेच होते.

रस्त्यावरच्या चाचणीत एक नेहमीची चूक होते. साताऱ्यात गाडी यवतेश्वरच्या घाटात चढवून आणतात आणि “जोरात चढली, काम झालं” म्हणतात. साध्या पेट्रोल इंजिनात चढावर थ्रॉटल उघडा असतो, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ नसतो, त्यामुळे गळती असली तरी तिथे ती कळत नाही. ती दिसते उतारावर पाय सोडून आल्यावर, जेव्हा व्हॅक्यूम सर्वात जास्त असतो, आणि त्यानंतर लगेच गाडी थांबवून आयडलला ठेवल्यावर. म्हणून घाट उतरून या, थांबा आणि रेस बघा. सांगलीत घाट नाही, तिथे मिरज रस्त्यावर सिग्नलला थांबत-सुटत केलेली फेरी जास्त सांगून जाते. टर्बो गाडीत मात्र उलट. बूस्टचा दाब चढावर येतो, म्हणून तिथे चढावर फुसफुस आवाज किंवा कमी झालेला पिकअप शोधायचा.

शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर थंड राहिल्यावर. थंड स्टार्टला रेस चढून हळूहळू खाली येऊन स्थिरावली पाहिजे. चढीच राहिली किंवा गाडी मिसिंग मारू लागली तर थंड इंजिनावर स्मोक टेस्ट पुन्हा करा. सगळं ठीक असेल तर मॅपचा आयडलचा आकडा, तारीख, किलोमीटर आणि वापरलेल्या सीलचा नंबर सर्व्हिस बुकात लिहून ठेवा.